रुपया कुठं पोचला, ते दाखवा

सरकारने मंदीत किंवा संकटात बाजारात पैसा ओतायचं ठरवलं की आपल्याकडचा वाद ठरलेला असतो. एक बाजू आकड्यानेच भारावून जाते. दुसरी बाजू तोच आकडा सोलून दाखवते, की यात खरा खर्च किती, कर्ज किती आणि जुन्याच योजनांची बेरीज किती. मे 2020 मध्ये 20 लाख कोटींचं आत्मनिर्भर पॅकेज आलं तेव्हा इंदूरच्या मराठी घरांत हाच वाद झाला. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर उतरले तेव्हाही तोच, आणि मध्य प्रदेशात महिलांना दरमहा पैसे देणाऱ्या लाडली बहना योजनेचा हप्ता वाढल्याची बातमी आली की दर वेळी तोच. दोन्हीकडची माणसं हुशार आहेत, मुद्दे खोटे नाहीत. पण हा वाद घोषणेच्या संध्याकाळी पेटतो आणि त्याच आठवड्यात विझतो. पैसा मात्र त्यानंतर दोन-तीन वर्षं वाहत असतो आणि त्या काळात त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

माझं म्हणणं असं आहे. किती पैसा द्यावा यावर अर्थतज्ज्ञांचे मतभेद राहतील, राहू देत. पण दिलेला रुपया कोणत्या कामावर, कुणाच्या हाती, कोणत्या तारखेला गेला आणि ते काम जागेवर उभं आहे का, हे कोणत्याही नागरिकाला अर्ज न करता पाहता आलं पाहिजे. ही सोय पॅकेजबरोबरच, पहिल्या दिवसापासून आली पाहिजे. तीन वर्षांनी येणारा लेखापरीक्षणाचा अहवाल तिची जागा घेऊ शकत नाही, कारण तोवर ठेकेदार, अधिकारी आणि कित्येकदा सरकारही बदललेलं असतं.

2020 च्या पॅकेजचा एकूण आकडा 20,97,053 कोटी रुपये होता. त्यातले 8,01,603 कोटी रिझर्व्ह बँकेने बँकांना उपलब्ध करून दिलेल्या रोखतेचे, म्हणजे कर्ज देता यावं म्हणून मोकळ्या केलेल्या पैशाचे होते. लहान उद्योगांच्या कर्जांसाठी 3 लाख कोटींची हमी होती, जी पुढे 5 लाख कोटींपर्यंत वाढली. मनरेगासाठी 40,000 कोटी जादा होते, फेरीवाल्यांना 10,000 रुपयांचं पहिलं कर्ज होतं, मोफत धान्य होतं. या सगळ्याची बेरीज करून एक आकडा सांगता येतो, पण त्या आकड्याचा माग काढता येत नाही, कारण प्रत्येक रकमेची वाट वेगळी आहे. रोखता बँकेतच पडून राहू शकते. हमीवर सरकारचा पैसा कर्ज बुडालं तरच जातो. मजुरी थेट खात्यात जाते, धान्य गोदामातून दुकानात. आकडा फुगवलेला आहे असं म्हणणारे इथवर बरोबर असतात. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारायला हवा होता: यातल्या प्रत्येक वाटेवर शेवटी कोण उभं आहे आणि त्याच्या हाती काय आलं, हे कुठं लिहिलेलं आहे?

सरकारी भाषेत 'खर्च झाला' म्हणजे नेमकं काय झालं, हेही समजून घेतलं पाहिजे. केंद्राने राज्याला रक्कम पाठवली की केंद्राच्या वहीत ती खर्च पडते. राज्याने ती विभागाला दिली, विभागाने नगर निगमला (महापालिकेला) दिली की त्या त्या वहीत पुन्हा खर्च. मग खालून वर पैसे वापरल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र जातं आणि पुढचा हप्ता सुटतो. या साखळीत कुठेही कुणी रस्त्यावर जाऊन नाली मोजलेली असेलच असं नाही. ती मोजणी मेजरमेंट बुकात असते, ते बुक इंजिनिअरच्या टेबलावर असतं, आणि ज्याच्या घरासमोरची नाली आहे त्याला ते कधी दिसत नाही. आमच्या इंदूरमध्ये एप्रिल 2024 मध्ये काय उघड झालं ते आठवा. ड्रेनेजच्या कामांच्या बनावट फायली, बनावट वर्क ऑर्डर, बिलं, आणि निगमच्या खात्यातून गेलेला पैसा. 28 कोटींच्या बिलांपासून सुरू झालेल्या त्या प्रकरणाचा आकडा पुढे वाढत गेला. कागद पुरे होते, जमिनीखाली पाइप नव्हता. आतल्या तपासणीतून फाइल पुढे गेली, कारण आतली तपासणी कागदाशी कागद ताडून पाहते. त्याच कामांची यादी वॉर्डप्रमाणे, गल्लीच्या नावासकट आणि रकमेसकट पैसे देण्याआधी लोकांपुढे असती, तर ती कामं झालीच नाहीत हे सांगायला कुठल्या तज्ज्ञाची गरज होती? त्या गल्लीत राहणारी कुणीही बाई ते सांगू शकली असती.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा. संकटात वेळ हाच पैसा असतो, आणि हिशेबाच्या अटी वाढवल्या की मदत उशिरा पोचते. हा मुद्दा मी हलका मानत नाही. मे 2020 मध्ये महाराष्ट्राकडून बिजासन घाट चढून हजारो मजूर मध्य प्रदेशात येत होते. इंदूरच्या बायपासवर लोक त्यांना जेवण, पाणी आणि चपला देत होते. त्या माणसांना 'आधी पोर्टल उभं राहू द्या' असं सांगणं क्रूरपणा झाला असता. भुकेल्याला धान्य देताना पावती मागू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे.

पण हिशेबाने वेग खरोखर किती कमी होतो, हे अमेरिकेच्या दोन अनुभवांतून पाहता येतं. फेब्रुवारी 2009 मध्ये तिथं मंदीतून सावरण्यासाठी 787 अब्ज डॉलरच्या मदतीचा कायदा झाला. पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने दर तिमाहीला हिशेब द्यायचा, तो सगळा एका सार्वजनिक संकेतस्थळावर नकाशासकट लावायचा, आणि त्यावर अर्ल डेव्हनी यांच्या अध्यक्षतेखाली वेगळं मंडळ नजर ठेवील, हे कायद्याबरोबरच ठरलं. पहिल्या अहवालांत गोंधळ झाला. अस्तित्वातच नसलेल्या मतदारसंघांत नोकऱ्या निर्माण झाल्याचे आकडे छापले गेले आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. पण तो गोंधळ दिसला कारण आकडे उघडे होते, आणि दिसला म्हणून दुरुस्त झाला. ती कामं रेंगाळली हेही खरं आहे. पण ती रेंगाळली परवानग्या, आराखडे आणि टेंडरांमुळे. हिशेब द्यायचा होता पैसा मिळाल्यानंतर, मग त्यानं पैसा अडला कसा? आता त्याच देशाचं 2020 पाहा. लहान धंद्यांना पगारासाठी कर्जं काही आठवड्यांत वाटली गेली, घेणाऱ्यांची नावं द्यायला सरकार सुरुवातीला तयार नव्हतं, आणि सगळी यादी बाहेर आली ती न्यायालयाच्या आदेशानंतर, डिसेंबरमध्ये. 2023 मध्ये ही कर्जं देणाऱ्या खात्याच्याच महानिरीक्षकाने अंदाज दिला की या आणि अशाच दुसऱ्या एका कर्जयोजनेत मिळून 200 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम संशयास्पद अर्जदारांकडे गेली असावी. दोन्ही वेळची संकटं सारखी नव्हती, हे कबूल. तरी वेगासाठी आधीची तपासणी सोडायची असेल, तर नंतरचा उजेड दुप्पट हवा. तिथं दोन्ही सोडलं गेलं.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांच्या भीतीचा. मे 2020 मध्येच अर्थमंत्र्यांनी बँकांना सांगितलं होतं की सीबीआय, सीव्हीसी (केंद्रीय दक्षता आयोग) आणि कॅग (महालेखापरीक्षक) यांना घाबरून कर्ज अडवू नका. उद्या चौकशी लागेल म्हणून आज सही न करणारा अधिकारी प्रत्येक कार्यालयात आहे, आणि त्याच्यामुळे चांगल्या योजना निधीसकट पडून राहतात. पण ही भीती कशाची असते? पाच वर्षांनी कुणीतरी एकच फाइल निवडून उघडेल आणि त्या वेळची परिस्थिती कुणाला आठवणार नाही, याची. निर्णय त्याच दिवशी, कारणासकट, त्याच प्रकारच्या इतर शेकडो निर्णयांबरोबर लोकांपुढे गेला तर प्रामाणिक माणसाला ते कवच आहे. निवडून फाइल उघडण्याची सोय त्यात उरत नाही. बंद फाइल दोघांच्या सोयीची असते: पैसे खाणाऱ्याच्या आणि नंतर सूड उगवणाऱ्याच्या.

'आता सगळं डिजिटल झालंय, पैसा थेट खात्यात जातो, गळती संपली' हा तिसरा मुद्दा आजकाल सगळ्यात जास्त ऐकू येतो. थेट खात्यात पैसे जाण्याने फार मोठं काम झालं आहे. 2020 मध्ये जनधन खात्यांत महिलांना तीन महिने 500 रुपये गेले, आणि मधला माणूस उरला नाही. पण पॅकेजचा मोठा भाग बांधकामात, खरेदीत आणि ठेक्यांत जातो, आणि तिथं खातं ठेकेदाराचं असतं. शिवाय डिजिटल म्हणजे उघडं नव्हे. सरकारच्या वित्तीय प्रणालीत रक्कम कुठं गेली हे दिल्लीला दिसतं, भोपाळला दिसतं, वॉर्डातल्या माणसाला दिसत नाही. वरून पाहणारा डोळा किती सहज फसतो? मनरेगाच्या मजुरांची हजेरी मोबाइलवर फोटो काढून घ्यायची सक्ती झाली, आणि जुलै 2025 मध्ये केंद्राच्याच मंत्रालयाला परिपत्रक काढून सांगावं लागलं की असंबद्ध फोटो, फोटोचे फोटो चढवले जात आहेत. 2022 मध्ये मध्य प्रदेशच्या महालेखापालांनी पोषण आहाराचे हिशेब तपासले. ज्या ट्रकांनी माल नेल्याची बिलं होती त्यांचे नंबर परिवहन खात्याच्या नोंदींशी जुळवले, तर काही नंबर मोटारसायकलींचे, कारचे आणि ऑटोंचे निघाले. सरकारचं म्हणणं होतं की तो अहवाल अंतिम नाही. ठीक आहे. पण ते नंबर बिलाबरोबरच प्रसिद्ध झाले असते तर ही तपासणी कॉलेजातल्या एखाद्या मुलाने एका दुपारी केली असती, आणि मुलांच्या तोंडचा घास जाण्याआधी केली असती.

खालून पाहणारा डोळा काय करू शकतो हे आपल्या देशाने पाहिलेलं आहे. डिसेंबर 1994 मध्ये राजस्थानातल्या कोट किराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनावणी घेतली आणि गावच्या कामांचे हजेरीपट व बिलं लोकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली. काम न केलेल्यांची नावं वाचली गेली तेव्हा ती माणसं समोर बसलेली होती. त्या वाचनातून पुढे 2005 चा माहितीचा अधिकार उभा राहिला, आणि त्याच वर्षीच्या मनरेगा कायद्यात कलम 17 खाली सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांसमोर हिशेबाची तपासणी, बंधनकारक झालं. मराठी वाचकाला तर यासाठी राजस्थानातही जायला नको. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामांवर राबली, आणि वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी योजना कायद्यापर्यंत पोचली. मंदीत, दुष्काळात सरकारने पैसा कसा ओतावा याचा तो आपला स्वतःचा, मोठा प्रयोग होता. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून त्याचा बराच खर्च निघत असे. खोट्या नावांचे हजेरीपट हा त्या योजनेला लागलेला रोगही सगळ्यांना माहीत आहे. पण ते हजेरीपट कामाच्या जागी होते, आणि आज कोण आलं नाही ते शेजारी खडी फोडणाऱ्याला ठाऊक होतं. चोरी ओळखणारा माणूस तिथंच होता. कागद त्याच्या हाती द्यायला सरकारला तीन दशकं लागली.

होळकरांच्या गावात राहून आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. होळकरशाहीत पैशाचे दोन कप्पे होते: राज्यकारभाराची दौलत, आणि राणीची खासगी. 1734 मध्ये पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे जी खासगी लावून दिली, तिच्यातून पुढे अहिल्याबाईंनी देशभर घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या. कुठला खर्च कुठल्या कप्प्यातला, याची शिस्त त्या काळी होती. तीच खासगी पुढे ट्रस्ट झाली, आणि तिच्या मालमत्ता विकण्यावरून प्रकरण उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. ही मालमत्ता नक्की कुणाची, ट्रस्टची की जनतेची, हाच प्रश्न होता. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की या ट्रस्टला मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो, म्हणजे निबंधकापुढे उत्तर द्यावं लागेल. आता पीएम केअर्स फंडाकडे पाहा. कोविडच्या संकटात मार्च 2020 मध्ये तो स्थापन झाला आणि पहिल्या पाच दिवसांतच 3,076 कोटी जमले. पंतप्रधान पदसिद्ध अध्यक्ष, देणगी करमुक्त, सरकारी कंपन्यांची देणगी त्यात. आणि माहिती मागितली की उत्तर येतं, हे सार्वजनिक प्राधिकरण नाही, म्हणजे त्याला माहिती अधिकार लागू नाही. सुरुवातीच्या वर्षांचा जमाखर्च प्रसिद्ध झाला आहे, हे नोंदवायलाच हवं. पण त्या जमाखर्चात एकेका खरेदीचा तपशील नसतो. लोकांनी संकटात, विश्वासाने दिलेला पैसा कुठल्या कप्प्यातला, हे अडीचशे वर्षांपूर्वी महेश्वरला स्पष्ट होतं. ते आज दिल्लीत अस्पष्ट का असावं?

हे सगळं जमणार नाही, आपल्या निगमांची ती कुवत नाही, असं म्हणणाऱ्यांना इंदूरचंच उदाहरण देतो. फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर नगर निगमने 244 कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, लोकांसाठी आणले. नर्मदेचं पाणी जलूदहून चढवून आणायला विजेचा प्रचंड खर्च येतो, म्हणून तिथं 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा होता. बाँडना या रकमेच्या जवळपास तिप्पट मागणी आली. हे बाँड शेअर बाजारात नोंदलेले आहेत, म्हणून सेबीच्या नियमांप्रमाणे निगमला ठराविक काळाने हिशेब आणि माहिती जाहीर करावी लागते. म्हणजे 8.25 टक्के व्याजासाठी पैसे लावणाऱ्याला पैशाचा माग मिळतो, तो कायद्यानं मिळतो, आणि निगम तो देऊही शकते. मग त्याच निगमला मालमत्ता कर देणारा मल्हारगंजचा माणूस यापेक्षा कमी हक्काचा कसा? या शहरात कचऱ्याच्या प्रत्येक गाडीवर जीपीएस आहे, गाडी गल्लीत आली की नाही हे कंट्रोल रूममध्ये दिसतं. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर होण्यात त्या शिस्तीचा मोठा वाटा आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. कुवतीचा प्रश्न इथं उरतच नाही.

करकपातीबद्दल मात्र माझ्याकडेही सोपं उत्तर नाही. कर कमी करणं हेही सरकारने दिलेले पैसेच आहेत, आणि तेच सगळ्यात अदृश्य असतात. डिसेंबर 2008 मध्ये जागतिक मंदीच्या वेळी केंद्राने उत्पादन शुल्क सरसकट चार टक्के अंकांनी उतरवलं. त्यातलं किती ग्राहकाला मिळालं आणि किती कंपनीच्या नफ्यात राहिलं, हे गिऱ्हाइकाला कळायची सोय नव्हती. जीएसटीत त्यासाठी नफेखोरीविरोधी यंत्रणा होती, पण 1 एप्रिल 2025 पासून तिने नव्या तक्रारी घेणं बंद केलं, आणि सहा महिन्यांच्या आत मोठी करकपात आली. सियागंजच्या ठोक बाजारात दर उतरले की नाही हे व्यापाऱ्याला ठाऊक असतं. निदान मोठ्या कंपन्यांनी कपातीआधीचे आणि नंतरचे दर जाहीर करावेत, एवढं बंधन घालता आलं असतं.

उरतो खाजगीपणाचा आक्षेप, आणि तो खरा आहे. ज्या विधवेला महिन्याला हजार-दीड हजार मिळतात तिचं नाव, पत्ता, खातं जगापुढे टांगण्याची गरज नाही. पण या आक्षेपाआड मोठी माणसं लपतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलमच बदलून टाकलं, आणि त्यामुळे ठेकेदाराचं नावही 'वैयक्तिक' ठरवायची वाट मोकळी झाली. रेषा रकमेवर आणि भूमिकेवर आखता येते. मदत घेणाऱ्याची संख्या गावनिहाय द्या, नावं ग्रामसभेपुरती ठेवा. पण सरकारला माल विकणारा, काम करणारा, हमीवर कोट्यवधींचं कर्ज उचलणारा, यांची नावं, रकमा आणि तारखा उघड्या असल्या पाहिजेत. सरकारशी व्यवहार करताना त्यांनी ती अट स्वीकारलेली आहे असंच मानायला हवं.

'लोक कुठं बघतात पोर्टल?' असं विचारणाऱ्यांना मी विचारीन, की रोज बघायला कोण सांगतंय? एका वॉर्डात एक शिक्षक, एक पत्रकार, निवडणूक हरलेला एक पार्षद (नगरसेवक) बघेल, तेवढं पुष्कळ आहे. आणि त्यासाठी नव्या कायद्याचीही वाट पाहायला नको. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की प्रत्येक सरकारी संस्थेने आपलं अंदाजपत्रक, योजना आणि दिलेल्या रकमांचे अहवाल, अनुदान योजनांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील आपणहून प्रसिद्ध करावा. 2020 पासून केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी 50 वर्षांची बिनव्याजी कर्जं देतं. 12,000 कोटींनी सुरू झालेली ती योजना 2024-25 मध्ये दीड लाख कोटींवर गेली, मध्य प्रदेशही त्यातून पैसा घेतो, आणि हप्ते अटींवर सुटतात. त्या अटींत एक अट वाढवावी: आधीच्या हप्त्यातलं प्रत्येक काम जागा, ठेकेदार, मोजमाप, दिलेली रक्कम आणि फोटोसह कलम 4 खाली प्रसिद्ध झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. ही कर्जं 2070 च्या पुढेही फेडली जात असतील. ज्यांना ती फेडायची आहेत ती मुलं आज इंदूरच्या शाळांत आहेत, आणि यातून कुठला पूल, कुठली नाली झाली, हे त्यांच्या आईवडिलांना निगमच्या झोन ऑफिसातल्या फलकावर वाचता यायला हवं.